स्कीइंग आणि स्नोबोर्डिंगसाठी स्मार्टवॉच: कोणतं घ्यावं आणि कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा

बर्फावर वापरायला घड्याळ घेत असाल तर आधी बटणं बघा, स्क्रीन नंतर. जाड हातमोजा घालून, ओल्या काचेवर बोट सरकवायची वेळ आली की महागडी टचस्क्रीनही हात टेकते. या एका मुद्द्यावर गार्मिनची फेनिक्स मालिका सरळ पुढे आहे. तिची पाचही बटणं मोज्यातून दाबता येतात आणि रन (उतारावरची एक फेरी) सुरू करणं, आकडे बघणं, दिवस संपवणं हे सगळं काचेला हात न लावता होतं. अ‍ॅपल वॉच अल्ट्राचं अ‍ॅक्शन बटण वर्कआउट सुरू करायला पुरतं, पण पुढची बरीच कामं स्क्रीनवरच करावी लागतात. शिवाय विरघळलेल्या बर्फाचं पाणी बाहीतून काचेवर आलं की नको ती बटणं आपोआप दाबली जातात. त्यासाठी वर्कआउट सुरू झाल्यावर वॉटर लॉक (स्क्रीनचा स्पर्श बंद करणारी सोय) लावून ठेवा.

गार्मिनमध्ये पद्धत अशी: स्टार्ट दाबा, स्की किंवा स्नोबोर्ड निवडा, जीपीएस पक्का होईपर्यंत मोकळ्या आकाशाखाली थांबा आणि पुन्हा स्टार्ट दाबा. त्यानंतर दिवसभर काही करायचं नाही. ऑटो रन, म्हणजे रन आपोआप ओळखण्याची सोय, मुळातच चालू असतं. उतरणं थांबलं किंवा डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टमध्ये (तारेवरच्या खुर्चीत) बसलात की टायमर थांबतो, पुन्हा उतरायला लागलात की चालू होतो. दर रनचा वेळ, अंतर, वेग आणि एकूण उतरण वेगळी नोंदली जाते. सिस्टिम सेटिंगमध्ये डेटा रेकॉर्डिंग ‘स्मार्ट’ऐवजी ‘दर सेकंदाला’ करून घ्या. स्मार्ट पद्धतीत मधले बिंदू गाळले जातात आणि जलद वळणांची रेघ नकाशावर कापली जाते.

अ‍ॅपलच्या वर्कआउट अ‍ॅपमध्ये डाउनहिल स्कीइंग आणि स्नोबोर्डिंग हे प्रकार आहेत. 2024 च्या वॉचओएस 11 पासून त्यांत अंतर आणि मार्गही मिळू लागला. पण रन आणि लिफ्ट वेगळे करून हवे असतील तर स्लोप्ससारखं अ‍ॅप घालणंच बरं. ते उतार आणि लिफ्ट स्वतः ओळखतं. घड्याळ मात्र सिरीज 3 च्या आधीचं नको, कारण वायुदाबावर चालणारं अल्टिमीटर (उंचीमापक) तिथून आलं.

हे अल्टिमीटरच सगळ्यात भरवशाचं आहे, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे. जीपीएसला आडवी जागा बरी कळते, पण उंची कळण्यात ते कच्चं आहे. वायुदाबमापक उंचीतला छोटा फरकही टिपतो. 2,500 ते 3,000 मीटरवर 1 हेक्टोपास्कलचा (हवेचा दाब मोजायचं एकक) बदल म्हणजे साधारण 11 मीटर. हवामान पालटून दिवसभरात दाब 5 हेक्टोपास्कलने घसरला, तर घड्याळ तुम्हाला आहात त्यापेक्षा 50 मीटरहून जास्त वर दाखवेल. त्यामुळे ‘मी किती उंचीवर आहे’ हा आकडा दुपारपर्यंत चुकू शकतो. एक रन मात्र काही मिनिटांत संपतो, आणि तेवढ्यात हवामानाचा दाब फारसा हलत नाही. म्हणून ‘या रनमध्ये किती उतरलो’ हा आकडा टिकतो. सकाळी लिफ्टच्या तळाशी लिहिलेली उंची बघून अल्टिमीटर जुळवून घ्या. दुपारी फरक दिसला तर पुन्हा जुळवा.

उंची एकाच आकड्यावर अडकून बसली आणि घड्याळ उतरतानाही ‘पॉज’ दाखवत राहिलं, तर सेन्सरच्या भोकांत बर्फ बसलाय का ते बघा. टाचणीने कोरू नका. घड्याळ काही मिनिटं बाहीच्या आत ऊबेला ठेवा, बर्फ वितळला की ते पूर्ववत होतं.

सर्वाधिक वेगाचा आकडा सगळेच दाखवत फिरतात, आणि सगळ्यात कमी विश्वासाचा तोच असतो. झाडी, कडे आणि लिफ्टचे लोखंडी खांब यांच्यामुळे उपग्रहाचा संकेत परावर्तित होतो आणि तुमची जागा क्षणात उडी मारते. एका सेकंदात 10 मीटरची खोटी उडी म्हणजे वेगात ताशी 36 किलोमीटरची भर. खरं-खोटं तपासायचं असेल तर वेगाचा आलेख उघडा. खरा वेग काही सेकंद चढत जातो आणि तसाच उतरतो. एकच टोकदार सुळका दिसला तर तो आकडा सोडून द्या. आणि गाडीत बसण्यापूर्वी नोंद बंद करायला विसरू नका. घाटातून उतरणारी गाडीही घड्याळाला रनच वाटते!

ऑटो रनची दुसरी अडचण सपाट वाटांवर येते. ढकलत, रखडत जावं लागणाऱ्या जोडरस्त्यावर ते थांबतं आणि पुढे उतार आला की नवा रन मोजतं. गोंडोलातून (तारेवरच्या बंद डब्यातून) खाली आलात तर तोही उतार धरला जाऊ शकतो. रनची संख्या म्हणून अंदाजानेच घ्यावी.

थंडीचं गणित बॅटरीवर येतं. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध थंडीत वाढतो, व्होल्टेज पडतं आणि टक्केवारी शिल्लक दिसत असतानाही घड्याळ बंद पडू शकतं. ऊब मिळाली की पुन्हा चालू होतं. साध्या अ‍ॅपल वॉचला कंपनी 0 ते 35 अंश तापमान सांगते, अल्ट्राला उणे 20 ते 55. फेनिक्स 7 ला फक्त जीपीएसवर 57 तास सांगितले जातात. थंडीत त्यातले बरेच कमी झाले तरी पूर्ण दिवस आरामात निघतो.

म्हणून घड्याळ जॅकेटवर बांधू नका. वर बांधलं की बॅटरी गारठते, हृदयगती मिळतच नाही आणि अ‍ॅपल वॉच मनगट सापडत नाही म्हणून कुलूप लावतं. त्यावर उपाय म्हणून मनगट ओळखणं बंद कराल, तर पडल्यावर मदतीला आपोआप होणारा फोनही बंद होतो. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, कातडीला घट्ट, बाहीच्या आत ही योग्य जागा. तिथेही थंडीने कातडीतला रक्तप्रवाह कमी होतो आणि स्कीच्या काठ्या (पोल) आवळून धरल्याने वाचन भरकटतं. हृदयगती खरोखर हवी असेल तर छातीचा पट्टा वापरा. स्नोबोर्डवर मनगटरक्षक घालणाऱ्यांनी घड्याळ रक्षकाच्या वर, कोपराकडे सरकवून बांधावं. रक्षकाच्या पट्टीखाली ते आपटून हातात रुततं.

गाडीचा अपघात ओळखून मदतीला आपोआप फोन लावण्याची सोय 2022 मध्ये अ‍ॅपलच्या सिरीज 8 आणि अल्ट्रामध्ये आली. त्या हिवाळ्यात कोलोरॅडोच्या स्की भागातल्या आपत्कालीन केंद्रांवर चुकीच्या फोनचा मारा झाला, पुढच्या अपडेटमध्ये अ‍ॅपलने त्यात सुधारणा केल्या. ही सोय बंद करू नका, पण जोरात पडलात की उठल्यावर आधी मनगटाकडे बघा. फोन लागून गेला असेल तर तो कापू नका, ‘मी ठीक आहे’ असं सांगा. बोलण्याआधीच कापलेला फोन म्हणजे बचाव पथकाला शोध घ्यावाच लागतो.

ठरलेल्या उतारांबाहेर जाणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्याला शोधायचं ट्रान्सिव्हर (रेडिओ संकेत पाठवणारं आणि पकडणारं यंत्र) 457 किलोहर्ट्झवर चालतं आणि जवळची इलेक्ट्रॉनिक्स त्यात अडथळा आणतात. प्रक्षेपण चालू असताना ती किमान 20 सेंटीमीटर आणि शोध चालू असताना 50 सेंटीमीटर दूर असावीत. शोधताना ट्रान्सिव्हर हातात असतं, आणि त्याच हातात घड्याळ असेल तर अंतर 20 सेंटीमीटरही उरत नाही. ट्रान्सिव्हर दुसऱ्या हातात धरा, नाहीतर घड्याळ सोडून पिशवीत टाका. हा सराव मोजे घालूनच करा, कारण घड्याळाचं बकल मोज्यातून सुटतं का हे तिथेच कळतं.