हणजूणच्या रस्त्यावरचा बर्लिनी ड्योनर

गोव्यात म्हापशाहून आसगावमार्गे हणजूणला जाणाऱ्या रस्त्यावर गेल्या काही वर्षांत इतकी उपाहारगृहे उघडली आहेत की, त्यांतील निम्म्यांची नावेही लक्षात राहत नाहीत. तेव्हा कबाब विकणाऱ्या आणखी एका जागेबद्दल सविस्तर का लिहायचे, हे आधी सांगितले पाहिजे. ही जागा स्वतःला तुर्की म्हणवून घेत नाही. पाटीवर, खाद्यपत्रिकेत आणि मालकांच्या बोलण्यात एकच दावा आहे, तो म्हणजे जर्मनीत स्थायिक झालेल्या तुर्की कामगारांनी घडवलेले बर्लिनचे खाणे येथे मिळते. निळ्या फरशा, पितळी दिवे आणि सुलतानाच्या राजवाड्याची चित्रे यांचा पसारा येथे कोठेही नाही. ज्या समाजाचे अन्न आहे त्याच समाजाच्या नावाने ते वाढण्याची ही भूमिका मला फार मोलाची वाटते, आणि येथील प्रत्येक पदार्थ त्याच दाव्यावर तपासून पाहायला हवा.

मालक बर्लिनच्या क्रॉइट्सबर्ग भागात वाढलेले, तिसऱ्या पिढीचे आहेत. त्यांच्या पत्नीचे माहेर येथल्याच बार्देश तालुक्यात आहे. मालकांची आजी जर्मनीत रेडिओचे सुटे भाग जोडणाऱ्या कारखान्यात कामाला होती, आणि तीही एकटी, नवऱ्याच्या आधी आलेली, हे ते आवर्जून सांगतात. पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला तो ३० ऑक्टोबर १९६१ रोजी. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली होती आणि पूर्वेकडून येणारे मनुष्यबळ आटले होते. इस्तंबूलमधील जर्मन भरती कार्यालयात उमेदवारांची दातांपर्यंत कसून वैद्यकीय तपासणी होई, आणि त्यातून पार पडलेले लोक सिरकेजी स्थानकातून म्युनिकच्या गाडीत बसत. मुळात त्यांना दोन वर्षांसाठीच बोलावले होते. परंतु शिकवून तयार केलेली माणसे परत पाठवून पुन्हा नवखी आणणे कारखानदारांना परवडेना, म्हणून १९६४ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. पुढे तेलसंकटाच्या सुमारास, नोव्हेंबर १९७३ मध्ये, भरतीच बंद झाली. गावी गेलो तर परत येता येणार नाही, हे लक्षात आल्यावर अनेकांनी बायकामुलांना जर्मनीत बोलावून घेतले, आणि तात्पुरती म्हणून आलेली माणसे कायमची तेथली झाली. आखातात, जहाजांवर, लिस्बनला किंवा इंग्लंडमधील स्विंडनला माणसे असलेल्या गोव्यातील घरांना हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

ड्योनरची, म्हणजे उभ्या सळईवर भाजून पट्ट्या कापलेल्या मांसाच्या कबाबाची, गोष्ट याच काळात घडते. उभ्या सळईवर मांस भाजण्याची रीत तुर्कस्तानातली, एकोणिसाव्या शतकातील बुर्सा शहराशी तिचे नाव जोडले जाते. पण तेथे ते ताटात, भातासोबत किंवा लोण्यात न्हालेले वाढले जाई. भाजलेले मांस पावात भरून, चालता चालता खाता येईल अशा रूपात विकण्याचे श्रेय सामान्यतः कादिर नुरमान यांना दिले जाते. त्यांनी १९७२ मध्ये पश्चिम बर्लिनच्या झू स्थानकासमोर ठेला मांडला. इतरही दावेदार आहेत आणि बर्लिनमध्ये त्यावरून वाद चालतो, परंतु घाईत असलेल्या शहरासाठी ताटातला पदार्थ हातात देण्याची युक्ती स्थलांतरितांची होती, यात शंका नाही. कारखान्यांतील नोकऱ्या जाऊ लागल्या तेव्हा याच युक्तीवर हजारो कुटुंबे उभी राहिली.

आता ताटाकडे, म्हणजे हाताकडे वळू. येथे सळई फक्त कोंबडीची असते. बर्लिनमध्ये गोमांस किंवा वासराचे मांसही तितकेच चालते, मात्र एकच सळई लावायची आणि ती रोज संपवायची, हा मालकांचा निर्णय मला योग्य वाटतो. मांडीच्या मांसाचे पातळ काप दह्यात आणि मसाल्यात मुरवून थरावर थर रचले जातात. खिम्याची भर नाही. झारखंडचा एक तरुण लांब सुरीने वरून खाली असा काप घेतो की, प्रत्येक पट्टीला एका बाजूस करपती कड आणि दुसऱ्या बाजूस रस राहतो. बाहेरचा थर पुरता खरपूस होईपर्यंत तो सुरी लावत नाही, रांग कितीही वाढली तरी. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या शोरमाच्या गाड्यांवर कच्चट मांस खाऊन वैतागलेल्या माणसाला एवढ्यानेच समाधान वाटावे. शिवाय येथे मेयोनीज नावालाही नाही. लसणाचे दही, हिरव्या पाल्याचे दही आणि लाल तिखट अशा तीन चटण्या आहेत, आणि त्यांतील कोणती हवी हे बर्लिनप्रमाणेच आधी विचारले जाते. तांबडा कोबी, पांढरा कोबी, कांदा, टोमॅटो, काकडी आणि मागितल्यास लिंबू. पावसाळ्यात तांबडा कोबी अनेकदा मिळत नाही आणि त्या दिवशी चव थोडी सपाट होते, कारण त्याचा आंबटगोडपणा दह्याला तोलून धरत असतो.

पावाबद्दल मात्र थोडे अधिक लिहिले पाहिजे. तीळ आणि कलौंजी लावलेली जाड, गोल रोटी चार भागांत कापून त्या त्रिकोणात सारण भरणे ही बर्लिनची पद्धत आहे, आणि ती रोटी येथे सकाळी भाजली जाते. आपल्या दमट हवेत दुपारपर्यंत तिचे कवच मऊ पडते. दाबून शेकल्यावर ते काहीसे सावरते, पूर्वीसारखे होत नाही. म्हणून खाद्यपत्रिकेत दुसरा पर्याय आहे तो पोईचा, म्हणजे गोव्याच्या पोकळ पावाचा. गावच्याच पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, येणारी कोंड्याची पोई मध्ये फाडून, तव्यावर उलटी शेकून तिच्यात हेच सारण भरतात. कोंड्यामुळे दही पटकन मुरत नाही, पोटातली पोकळी सारण सांभाळते आणि शेवटच्या घासापर्यंत काहीही गळत नाही. माझ्या मते येथील सर्वोत्तम पदार्थ हाच आहे. एखाद्या शुद्धतावाद्याला हे पटणार नाही, पण ज्या पदार्थाचा जन्मच परक्या शहराच्या सोयीने झाला, त्याने बार्देशात येऊन पोई धरावी हे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे.

मसुराच्या डाळीचे सार मागवाच. डाळ, कांदा, थोडा बटाटा, वरून पुदिना आणि लाल मिरचीचे लोणी, बाजूला लिंबाची फोड. पावसाळी संध्याकाळी एवढे आणि पोईचा तुकडा पुरतो. आयरान म्हणजे जिरे-हिंग नसलेले, मिठाचे, फेसाळ ताक चांगले आहे. लाहमाजून, म्हणजे खिमा पसरून भाजलेली रोटी, हवी तितकी पातळ नाही. बकलावा टाळावा, कारण शीतकपाटातून थेट समोर येतो, त्याचे पापुद्रे पाकाने लोळागोळा झालेले असतात आणि त्यात पिस्त्याचा मागमूस नसतो.

येथील भिंतीवरची छायाचित्रे मी मुद्दाम थांबून पाहिली. सिरकेजीच्या फलाटावरची पत्र्याच्या पेट्या घेतलेली माणसे, यंत्रापुढे ओळीने बसलेल्या तरुण स्त्रिया, कोलोनच्या फोर्ड कारखान्यातील १९७३ चा संप. आणि या सर्वांत एक जळालेले घर आहे. ते जर्मनीतील झोलिंगन शहरातले. २९ मे १९९३ च्या पहाटे वर्णद्वेष्ट्या तरुणांनी गेंच कुटुंबाचे ते घर पेटवून दिले आणि पाच मुली व स्त्रिया त्यात गेल्या. दोन मुली, दोन नाती आणि एक भाची गमावलेल्या मेव्ल्यूदे गेंच २०२२ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत सलोख्याचेच आवाहन करत राहिल्या. उपाहारगृहाच्या भिंतीवर असे चित्र लावू नये, गिऱ्हाइकाचा घास अडतो, असे काही जणांनी मालकांना सुचवले. त्यांनी ते काढले नाही. मला त्यांचे बरोबर वाटते. एप्रिल २०२४ मध्ये जर्मन राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर तुर्कस्तानच्या दौऱ्यावर जाताना बर्लिनच्या एका ड्योनर विक्रेत्याला आणि सुमारे ६० किलोची मांसाची सळई सोबत घेऊन गेले, तेव्हा जर्मनीतील अनेक तुर्की वंशीयांना ते मनाला लागले. ज्या समाजाने खाणी आणि कारखाने चालवले, ज्यात खासदार, लेखक आणि कोरोनाची लस घडवणारे ऊगुर शाहीन व ओझलेम त्युरेजी हे दांपत्य आहे, त्याची ओळख पुन्हा एकदा कबाबात आटोपली, असे त्यांचे म्हणणे होते. कबाबच विकणाऱ्या या जागेने ती तक्रार ऐकली आहे, हे भिंत पाहिल्यावर कळते. खाद्यपत्रिकेच्या शेवटच्या पानावर छोटा इतिहासही छापला आहे आणि तो जून २०२४ मध्ये जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला दिलेल्या मोकळीकीपर्यंत येतो. पोर्तुगीज पारपत्रामुळे नागरिकत्वाचा पेच घरोघरी ठाऊक असलेल्या गोव्यात हे पान वाचले जाईल. ते इंग्रजीसोबत मराठी आणि कोंकणीतही असावे, अशी माझी मनापासून सूचना आहे.

माझी खरी तक्रार किमतीची आहे. साध्या ड्योनरला ४२० रुपये पडतात. जर्मनीत ड्योनर महागला तेव्हा तो राजकारणाचा विषय झाला आणि २०२४ मध्ये तेथील डाव्या पक्षाने त्याच्या किमतीवर मर्यादा घालण्याची मागणी केली, कारण तो विद्यार्थ्याचे आणि कामाची पाळी संपवून घरी निघालेल्या माणसाचे जेवण आहे. हणजूणचे भाडे आणि पर्यटनाचा हंगाम मी समजू शकतो, तरीही कामगारांच्या अन्नाचा अभिमान बाळगणाऱ्या जागेत समोरच्या बांधकामावरचा गवंडी कधी आत येऊ शकत नाही, हे मला अस्वस्थ करते. पोईतला अर्धा ड्योनर निम्म्याहून कमी किमतीत द्यावा, असे मी मालकांना सांगितले आहे. पावसाळ्यात विचार करू, असे ते म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी संगीत इतके मोठे असते की बोलता येत नाही, आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी साडेबाराच्या सुमारास जावे. तेव्हा सळईचा पहिला थर नुकताच खरपूस झालेला असतो आणि पोदेराच्या सकाळच्या पोया संपलेल्या नसतात.