तोरणमाळच्या लॉजची भिंत: गेरू-चुना की ॲक्रेलिक?

गेरू-चुना स्वस्त. शेणामातीच्या भिंतीवर चितारलेले पळस, मोहाची झाडं, होळीत मोरपिसांचे टोप घालून नाचणारे बुध्या असे काही खुलतात की बघत राहावं. पण सिमेंटवर डिंक न घालता लावलात, तर पाहुण्याच्या पांढऱ्या शर्टावर गेरू उमटलाच म्हणून समजा! बाहेरून तर पहिल्याच पावसात ओघळ.

म्हणून बाहेर ॲक्रेलिकच. महाग पडतं, पण ऊनपाऊस झेलतं. नवं प्लास्टर महिनाभर वाळू द्या, नाहीतर पोपडे धरतात. भडक निळा मात्र नको. सातपुड्यात तो उपराच दिसतो.

खोल्यांत माझं मत गेरूलाच. चित्रं गावातल्याच भिल्ल-पावरा कलाकारांकडून काढून घ्या, आणि मजुरी आधी ठरवा.