पुण्यात राहून डाइव्हमास्टर: चौदा महिन्यांचा हिशेब

आमच्या घरी ‘टँक’ म्हणजे पोहायचा तलाव. लहानपणी पाठीला डबा बांधून टिळक टँकवर पोहायला शिकले तेव्हापासून तोच अर्थ. त्यामुळे मालवणहून आईला फोनवर ‘टँक उचलून उचलून कंबर गेली’ म्हणाले, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, ‘अगं, तू नक्की काय शिकतेयस?’

मालवणात टँक म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा, पाठीवरचा हवेचा सिलिंडर. तरी प्रश्न रास्त होता, कारण पहिले तीन महिने मलाही ते नीट सांगता आलं नसतं. मला वाटत होतं, डाइव्हमास्टर म्हणजे जास्त चांगला डायव्हर. तसं नाही. डाइव्हमास्टर झालात की डाइव्ह तुमची राहत नाही, ती तुमच्या मागून येणाऱ्यांची होते. हे आधी कळलं असतं तरी मी कोर्स केलाच असता, पण कुरकुर कमी केली असती.

मी पॅडी या डायव्हिंग संस्थेचा डाइव्हमास्टर कोर्स केला. सुरू करायला 40 डाइव्ह लॉगबुकात लागतात आणि सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत 60. त्याआधी अ‍ॅडव्हान्स्ड आणि रेस्क्यू हे डायव्हिंगचे कोर्स झालेले हवेत, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण 24 महिन्यांच्या आतलं आणि डॉक्टरांची सही 12 महिन्यांच्या आतली. माझ्याकडे अंदमान आणि नेत्राणी (कर्नाटकातलं बेट) मिळून 31 होत्या. उरलेल्यांसाठी शुक्रवारी रात्रीची बस, शनिवार-रविवार पाणी आणि सोमवारी ऑफिसात सुजलेले डोळे, असं ऑक्टोबरपासून मेपर्यंत चाललं. मग पावसाळा. जून ते सप्टेंबर समुद्र बंद, आणि आपण कोथरूडच्या बाल्कनीत बीसीडीला (हवा भरून तरंगायचं जॅकेट) बुरशी लागू नये म्हणून पंखा लावून बसायचं. पुण्यातून हे करणाऱ्यांनी हे चार महिने आधीच धरून चालावं.

पोहण्याच्या चाचण्यांची धास्ती उगाच घेतली होती. 400 मीटर पोहणं, पंधरा मिनिटं जागेवर तरंगणं (शेवटची दोन मिनिटं हात पाण्याबाहेर), मास्क-स्नॉर्कल लावून 800 मीटर आणि निपचित पडलेल्या डायव्हरला 100 मीटर ओढणं. प्रत्येकाला पाचपैकी गुण. बालेवाडीच्या 50 मीटरच्या तलावात आठ लेंग्थ मारायचा सराव केला आणि 10 मिनिटं 40 सेकंदांत आले, म्हणजे 3 गुण. अकरा मिनिटांच्या वर गेले असते तर 2. शेजारच्या लेनमधले सत्तरीचे काका माझ्यापेक्षा वेगात होते, हे इथे नमूद करते.

तलावात शिकलेलं समुद्रात तसंच्या तसं चालत नाही, हा धडा मात्र पहिल्याच दिवशी मिळाला. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच-तीन टक्के जड. साहित्यासकट माझं वजन 85 किलो, म्हणजे समुद्रात खाली जायला कमरेला दोनेक किलो शिसं जास्त लागणार. हे मला गणितात येत होतं. परीक्षेत असले प्रश्न असतातच: 150 किलोचं इंजिन 60 लिटर पाणी बाजूला सारतं, तर खाऱ्या पाण्यात ते तरंगतं करायला त्याला बांधलेल्या बॅगेत हवा किती? (85 लिटरच्या थोडी वर.) कागदावर बरोबर लिहिलं, आणि मालवणात पुण्याचाच तीन किलोचा पट्टा बांधून उडी मारली. बुचासारखी वरच. बोटीवरचे तांडेल म्हणाले, ‘ताई, घाई कित्याक करतंस? दर्यो खंय पळान जाता?’

सगळ्यात लक्षात राहिला तो साहित्य बदलण्याचा प्रकार. दोघांनी तलावाच्या तळाशी बसायचं, एकाच रेग्युलेटरवर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारा भाग) आळीपाळीने श्वास घ्यायचा आणि त्या अवस्थेत एकमेकांचं सगळं साहित्य अदलाबदल करायचं: मास्क, फिन्स, सिलिंडरसकट बीसीडी. दोन श्वास तुझे, दोन माझे. माझा जोडीदार पिंपरीचा, सहा फुटी. त्याच्या फिन्समध्ये माझे दोन्ही पाय मावले असते. पहिल्या वेळी त्याने तीन श्वास घेतले आणि माझ्या डोक्यात सरळ राग गेला. पाण्याखाली, तीन मीटरवर, एका श्वासाचा राग! वर आल्यावर इन्स्ट्रक्टरने विचारलं, ‘त्याचा हात कुठे होता?’ मला सांगता येईना. तो मास्कचा पट्टा सोडवत होता, पट्टा अडकला होता, म्हणून श्वास लांबला. मी फक्त रेग्युलेटरकडे बघत होते. पाचव्या वेळी जमलं, आणि जमलं ते त्याच्याकडे बघायला लागल्यावर.

आता घाटाचं. हे पुणेकरांनी नीट वाचा. मार्चमध्ये रविवारी दुपारी शेवटची डाइव्ह केली आणि संध्याकाळच्या बसचं तिकीट दाखवलं. इन्स्ट्रक्टरने विचारलं, ‘पुणं समुद्रसपाटीपासून किती उंच?’ 560 मीटर. आणि वाटेत आंबोली साधारण 690. डाइव्हनंतर अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. उंचावर हवेचा दाब कमी, तिथे तो बुडबुड्यांच्या रूपात सुटण्याचा धोका वाढतो. विमानाचा नियम सगळ्यांना पाठ असतो: ओळीने अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान 18 तास थांबा. पण तो नियम 2,000 फुटांच्या, म्हणजे सुमारे 610 मीटरच्या वर जाणाऱ्या कुणालाही लागू धरतात, आणि आंबोली त्याच्या वर आहे. बस आहे म्हणून नायट्रोजन सवलत देत नाही. तिकिटाचे पैसे गेले, सोमवारची रजा गेली. त्यानंतर प्रत्येक फेरीत शेवटचा दिवस कोरडा ठेवला. रजेचा हिशेब त्यामुळे दीडपट झाला.

गंमत म्हणजे दोन महिन्यांनी हाच घाट परत आडवा आला. कोर्समध्ये एका डाइव्ह साइटसाठी आपत्कालीन मदतीचा आराखडा लिहावा लागतो: ऑक्सिजन कुठे, फोन कुणाला, रुग्णाला कुठे न्यायचं. मी ऐटीत ‘कोल्हापूर’ लिहिलं, कारण तिथली मोठी हॉस्पिटलं मला माहीत होती. इन्स्ट्रक्टरची लाल पेनाने काट. दाबाच्या आजाराचा, म्हणजे अंगात नायट्रोजनचे बुडबुडे झालेला, रुग्ण घाट चढवून नेणार? पर्याय किनाऱ्याच्या रस्त्याने शोध. पूर्ण आराखडा पुन्हा लिहिला.

विद्यार्थ्यांना मदत करण्याचा भाग मला सगळ्यात आवडला. कौशल्यं 24 आहेत, ती शिकवण्याजोगी संथपणे करून दाखवावी लागतात, प्रत्येकात किमान 3 गुण हवेत. पण खरी परीक्षा माणसांची. एक मुलगा, विशीतला, प्रत्येक वेळी हाताने ‘ओके’ दाखवायचा. बोटं ओके, डोळे बशीएवढे. त्याच्या बुडबुड्यांमध्ये खंडच नव्हता. नीट श्वास घेणाऱ्याचे बुडबुडे थांबून थांबून येतात. मी त्याच्या बीसीडीला हात लावला, वर नेलं. बोटीवर तो म्हणाला, ‘मी ठीक होतो.’ मग पाच मिनिटांनी, ‘ताई, मास्कमध्ये पाणी आलं की आमच्या गावची विहीर आठवते.’ पुढच्या आठवड्यात तो मास्कमधलं पाणी काढायला शिकला. त्या दिवशी खाली मोठा गोबरा मासा होता म्हणे. मी पाहिला नाही.

तक्रार एकच, पण मोठी. सुरुवात जिथे केली तिथे ‘इंटर्नशिप’ म्हणून फी कमी सांगितली होती. प्रत्यक्षात सकाळी सिलिंडर उतरवा, दुपारी पर्यटकांचे वेटसूट धुवा, आणि मूल्यांकनाची सही ‘पुढच्या वेळी’. डिसेंबरच्या गर्दीत मी चार दिवसांत एकदाही विद्यार्थ्यांबरोबर पाण्यात उतरले नाही. एका सिलिंडरची ओ-रिंग (हवा गळू नये म्हणून असलेली रबरी कडी) सारखी फुसफुसत होती, सांगितलं तर ‘चलता है’. अर्धी फी सोडून दिली आणि जागा बदलली. पैसे भरण्याआधी विचारा की कोणत्या तारखांना खरे विद्यार्थी आहेत, आणि लेखी घ्या.

खर्च माझा सगळा मिळून दोन लाखांच्या वर गेला, त्यात प्रवास आणि माझं स्वतःचं रेग्युलेटर धरलं आहे. दरवर्षी सदस्यत्व नूतनीकरण आणि विमा वेगळा. बदल्यात काय मिळतं? सर्टिफाइड डायव्हरना घेऊन जाता येतं, इन्स्ट्रक्टरला मदत करता येते. ओपन वॉटरचा, म्हणजे नवशिक्यांचा पहिला, कोर्स स्वतःच्या सहीने शिकवता येत नाही, त्यासाठी पुढची पायरी आहे. नोकरी सोडून पोट भरेल अशा आशेने करणार असाल तर आधी एक हंगाम किनाऱ्यावर राहून बघा. मासे बघायचे असतील तर याच पैशात नेत्राणीला आठ-दहा फेऱ्या होतील, त्या करा.

मी सध्या महिन्यातून एकदा जाते, रविवारी चार जणांना घेऊन उतरते, सोमवारी कोरडी राहते. लॉगबुकात 68 झाल्या. आईने परवा विचारलं, ‘टँक पाठीवरची की पोहायची?’