खरी गुन्हेकथा वाचायचीय? बडोदेकरांनी मल्हाररावांच्या खटल्यापासून सुरुवात करावी

रहस्य, इतिहास आणि खरा गुन्हा, तिन्ही एकाच प्रकरणात हवं असेल तर बडोदेकराला लांब जायला नको. ९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी रेसिडेंट, म्हणजे बडोद्यातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल रॉबर्ट फेअर फिरून आले, पपनसाच्या सरबताचे दोनतीन घोट घेतले आणि बरं वाटेना म्हणून उरलेलं बाहेर फेकलं. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. मुंबईच्या सरकारी रसायनतज्ज्ञाला त्यात सोमल (आर्सेनिक हे विष) आणि हिऱ्याची पूड सापडली. संशय थेट बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांवर गेला.

यावर कुणी काय लिहिलंय ते नंतर बघा, आधी १८७५ मधलं चौकशी आयोगाचं छापील कामकाज घ्या. आमच्या मते वर सांगितलेल्या तिन्ही प्रकारांत त्याच्या तोडीचं दुसरं नाही. इंग्रजी जुनाट आहे, पण सवाल-जबाब असल्यामुळे पानं भराभर उलटतात. फक्त पहिल्या पानापासून सुरू करू नका. सरकारी वकील स्कोबल यांचं भाषण आधी वाचलंत तर पुढची प्रत्येक साक्ष त्यांनी लावलेल्या अर्थानेच वाचली जाते. आधी फेअर, मग सरबत करणारा अब्दुल्ला, आया अमिना, हवालदार रावजी, जमादार नरसू, त्यानंतर महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत आणि शेवटी रसायनतज्ज्ञ डॉ. ग्रे, या क्रमाने जा. वहीत तीन रकाने पाडा: साक्षीदार कोण, पोलिसांपुढे काय म्हणाला, आयोगापुढे काय म्हणाला. रावजी आणि दामोदरपंत माफीचे साक्षीदार आहेत, त्यांच्या नावापुढे खूण करून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ रावजीच्या पट्ट्यातल्या सोमलाच्या पुडीला द्या. घटनेनंतर कित्येक आठवड्यांनी ती पोलिसांच्या हाती लागली. कुणाला सापडली, त्या वेळी जवळ कोण होतं, तोवर तो पट्टा कुठे होता? बचावाचे वकील सार्जंट (ही तेव्हाची वरिष्ठ इंग्रज वकिलांची पदवी) बॅलंटाइन यांनी इथेच बराच जोर लावला होता. महाराजांचं निवेदन मात्र लेखी आहे आणि त्यावर उलटतपासणी झालेली नाही, त्यामुळे त्याचं वजन त्या मानानेच धरा.

आयोगात सहा जण होते. सर रिचर्ड काउच, मीड आणि मेलव्हिल हे तिघे इंग्रज एका बाजूला गेले. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांना गुन्हा सिद्ध झाल्याचं पटलं नाही. तीन विरुद्ध तीन! तरीही एप्रिल १८७५ मध्ये महाराजांना गादीवरून काढलं, आणि कारण दिलं ते गैरकारभाराचं. म्हणून निकाल आधी वाचून काहीच बिघडत नाही, कोडं सुटलेलंच नाही.

बॅलंटाइन यांचं ‘सम एक्स्पीरियन्सेस ऑफ अ बॅरिस्टर्स लाइफ’ (१८८२) यानंतरच घ्या. गमतीदार आहे, पण वकिलाने स्वतःच्या अशिलाबद्दल लिहिलेलं आहे हे विसरू नका. जुनी इंग्रजी पुस्तकं इंटरनेटवर शोधताना हटकून होणारी चूक म्हणजे आजच्या स्पेलिंगवर अडून बसणं. ‘मल्हार’ जुन्या छपाईत ‘यू’ घालून येतो, ‘गायकवाड’च्या शेवटी ‘आर’ असतो. दोन्ही तऱ्हा घालून बघा. स्कॅनवरून यंत्राने उतरवलेल्या मजकुरात आकडे चुकतात, तेव्हा तारखा मूळ पानाच्या चित्रावरूनच घ्या.

इतिहासासाठी सरदेसायांची ‘मराठी रियासत’. सयाजीरावांच्या नोकरीत अनेक वर्षं काढलेल्या माणसाचं हे काम आहे, पण कादंबरीसारखं सलग वाचायला घेतलं तर वाचक दुसऱ्या खंडातच गळतो. सूचीतून आत शिरा. १७३२ मध्ये डाकोरला झालेला पिलाजी गायकवाडांचा खून काढा, मग १७७३ चा नारायणराव पेशव्यांचा. नंतर नवी कागदपत्रं पुढे आलेली आहेत, तेव्हा एखाद्या तपशिलावर पैज लावायची तर अलीकडचा ग्रंथही शेजारी हवा.

इंदूरचं बावला प्रकरणही वाचनात येईलच. १२ जानेवारी १९२५ ला मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावलाचा खून झाला आणि त्यापायी पुढच्या वर्षी इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. यावर रंगवून लिहिलेलं पुष्कळ आहे. पुस्तक विकत घेण्याआधी खुनाच्या प्रसंगाचं पान उघडा. मेलेल्या माणसाच्या मनातले विचार तिथे बिनआधार छापले असतील तर पैसे वाचवा.

रहस्यकथांपैकी बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांच्या कथा. बैठकीत एक संपते. वाचकाला आधी धागे देऊन मग उकल करणारी ही जात नव्हे. वेषांतर, पाठलाग, पिस्तूल, संपलं. गाडीच्या प्रवासाला उत्तम, मात्र मल्हाररावांचा खटला वाचून झाल्यावर लगेच घेऊ नका, फिकी वाटेल.