फॉन्ट रूपांतर: फॉन्टफोर्ज की फॉन्टटूल्स?

ओटीएफ आणि टीटीएफ हे फॉन्ट फाइलचे दोन प्रकार. ओटीएफचा टीटीएफ करायचा तर फॉन्टफोर्ज या फॉन्ट संपादकात फाइल उघडा, 'जनरेट फॉन्ट्स' निवडा, झालं. प्रत्येक अक्षर डोळ्यांसमोर असतं, हे फार सोयीचं. पण फॉन्टफोर्ज फॉन्ट वाचून पुन्हा आपल्या पद्धतीने लिहितो, त्यात जोडाक्षरांचे नियम बिघडू शकतात. 'र्क्ष', 'द्ध्य', 'र्‍या' टाइप करून तपासाच.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं फॉन्टटूल्स हे साधन फॉन्टमधल्या हव्या त्याच टेबलांना (माहितीच्या कप्प्यांना) हात लावतं. जीसब (जोडाक्षरं घडवण्याचे नियम), जीपॉस (मात्रा-चिन्हांच्या जागांचे नियम) शाबूत राहतात. कमांड लाइनची, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करण्याची, सवय हवी, तरी देवनागरीसाठी माझा कौल त्यालाच.

वक्ररेषांची तडजोड मात्र दोन्हीकडे अटळ: ओटीएफमधल्या अक्षरांच्या त्रिघाती (घन सूत्राच्या) वक्ररेषा टीटीएफसाठी द्विघाती (वर्ग सूत्राच्या) कराव्या लागतात, आकार किंचित हलतो. हिंटिंगही (लहान आकारात अक्षर स्पष्ट दिसावं यासाठीच्या सूचना) नव्याने करा. वेबसाइटसाठीचा वॉफ२ हा प्रकार हवा असेल तर ही चिंता नाही, त्यात रेषा न बदलता फाइल फक्त आकसते.