घोडबंदर रोडवर ऑक्टाव्हिया आरएस की आय-२० एन लाइन?

आमची बारा वर्षांची जुनी हॅचबॅक यंदा बदलायची ठरली, तेव्हा बरीच शोधाशोध झाल्यावर माझ्यासमोर दोनच गाड्या उरल्या. पहिली म्हणजे नेरूळच्या एका परिचितांची २०१८ मध्ये नोंदणी झालेली, ६१ हजार किलोमीटर चाललेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०, जिची त्यांनी सतरा लाख किंमत सांगितली होती. दुसरी म्हणजे नवी कोरी ह्युंदाई आय-२० एन लाइन, म्हणजे आय-२० हॅचबॅकचीच स्पोर्टी आवृत्ती, सात गिअरच्या ऑटोमॅटिकसह, जी ठाण्यात ऑन-रोड तेरा-साडेतेरा लाखांच्या घरात जात होती. परिचितांनी विश्वासाने गाडी दोन रविवार आणि कामाचा एक पूर्ण दिवस माझ्या हाती दिली, आणि माझ्या मेहुण्याकडे एन लाइन असल्यामुळे ती मला आठवडाभर वापरता आली. शोरूमच्या दारातून निघून पहिल्या सिग्नलवरून परत फिरणाऱ्या टेस्ट ड्राइव्हवर असा निर्णय घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे, म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आरएसविषयी आधी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण साध्या ऑक्टाव्हिया सेडानची ही वेगवान आवृत्ती रस्त्यावर पटकन ओळखू येत नाही. २०१७ च्या ऑगस्टअखेरीस ती भारतात २४.६२ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला आली आणि मोजक्याच गाड्या आल्यामुळे लवकर संपली. त्यानंतर २०२० मध्ये २४५ पीएसच्या (पीएस म्हणजे अश्वशक्तीचे एकक) २०० गाड्या ३५.९९ लाखांना आल्या, आणि २०२५ मध्ये २६५ पीएसची नवी आरएस ४९.९९ लाखांना आली तीही केवळ १००. म्हणजे ज्याला ही गाडी हवी आहे पण पन्नास लाख खर्चायचे नाहीत, त्याला वापरलेली २३० किंवा २४५ शोधण्यावाचून गत्यंतर नाही. तिच्यात १९८४ सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे, २३० पीएस शक्ती आणि ३५० न्यूटन-मीटर टॉर्क (चाके फिरवणारा जोर) आहे, आणि शून्यापासून शंभरचा वेग गाठायला तिला कंपनीच्या आकड्यानुसार ६.८ सेकंद लागतात. एन लाइनचे इंजिन ९९८ सीसीचे, तीन सिलिंडरचे, १२० पीएस आणि १७२ न्यूटन-मीटरचे आहे. कागदावर एक गाडी दुसरीच्या जवळजवळ दुप्पट आहे.

मी राहतो ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीला आणि नोकरी नवी मुंबईतल्या महापेला. त्यामुळे माझी खरी परीक्षा सकाळी साडेआठला घोडबंदर रोडवर सुरू होते. मेट्रोच्या कामाने वर्षानुवर्षे अरुंद झालेला रस्ता, न्हावाशेवा बंदराकडून गुजरातकडे आणि तिकडून इकडे चालणारे कंटेनर, आणि गायमुख घाटाच्या दुरुस्तीसाठी वाहतूक वळवली की माजिवड्यापर्यंत लागणारी रांग हे ठाणेकरांना नव्याने सांगायला नको. अशा रांगेत पीएस किती आहेत यापेक्षा गाडी पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये किती गुळगुळीत सरकते, हे महत्त्वाचे ठरते, आणि इथे माझा अंदाज पूर्णपणे चुकला. मला वाटले होते की मोठी गाडी गर्दीत त्रास देईल आणि छोटी अंगवळणी पडेल. प्रत्यक्षात रांगेत सरकताना आरएस जास्त शांत होती.

याचे कारण गिअरबॉक्समध्ये आहे. दोन्ही गाड्यांत दुहेरी क्लचची ऑटोमॅटिक यंत्रणा आहे, पण आरएसचे सहा गिअरचे डीएसजी (स्कोडाचे या यंत्रणेला दिलेले नाव) ओल्या क्लचचे आहे, म्हणजे क्लचच्या चकत्या तेलात बुडालेल्या असतात आणि अर्धवट दाबलेल्या क्लचवर गाडी सरकत असताना निर्माण होणारी उष्णता ते तेल वाहून नेते. एन लाइनचा क्लच कोरडा आहे. त्यात घर्षण आणि वजन कमी, इंधनाची बचत जास्त, पण कापूरबावडीच्या पुलाखाली वीस मिनिटे दोन-दोन फूट सरकावे लागले की क्लच तापतो आणि गाडी हलके हिसके देऊ लागते. मेहुण्याने मला पहिल्याच दिवशी सांगितले होते, “दाजी, ब्रेक सोडून हळूहळू सरकवत बसू नका, पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या आणि मग एकदम निघा.” तसे केल्यावर हिसके बरेच कमी झाले. जागा सोडली की रिक्षा आणि दुचाकी ती भरून काढतात, पण क्लचचे आयुष्य वाढवायचे असेल तर ते सोसणे भाग आहे.

छोट्या इंजिनाची दुसरी उणीव सिग्नलवर जाणवली. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारी चक्की, जी बाहेरची हवा दाबून पुन्हा इंजिनात भरते. इंजिनाचे फेरे कमी असतील तर धुराचा जोर कमी, आणि जोर कमी असला की चक्की आळशी. ९९८ सीसीचे इंजिन मिनिटाला पंधराशे फेऱ्यांच्या खाली साध्या छोट्या इंजिनासारखेच वागते. विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून चढावर निघताना क्षणभर काहीच होत नाही, आणि मग एकदम सगळा जोर येतो. दोन-तीन दिवसांत पायाला त्याची सवय होते. आरएसमध्येही टर्बोच आहे, पण इंजिन मुळात दुप्पट मोठे असल्यामुळे हा क्षण जवळजवळ जाणवत नाही.

इथपर्यंत वाचणाऱ्याला वाटेल की निकाल आरएसकडे झुकला आहे, आणि पहिल्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत तो खरोखरच तसा झुकला होता. त्यानंतर मी गाडी सोसायटीत आणली.

आमच्या इमारतीत, घोडबंदर पट्ट्यातल्या बहुतेक नव्या इमारतींप्रमाणे, यांत्रिक स्टॅक पार्किंग आहे. लोखंडी तबकावर गाडी चढवायची, बटण दाबायचे, तबक वर जाते. तबकाच्या दोन्ही कडांना चाकांना वाट दाखवणाऱ्या उंच पट्ट्या आहेत आणि पुढच्या बाजूला चढण्यासाठी छोटा उतार. आरएसची लांबी जवळजवळ ४.७ मीटर आणि रुंदी १८१४ मिलिमीटर. चढताना तिच्या बंपरची खालची कड उताराला घासली, तो आवाज ऐकून मी थांबलो, स्टीअरिंग किंचित वळवले आणि मागचे उजवे चाक पट्टीला लागले. टायरची उभी भिंत इतकी ठेंगणी आहे की रबराऐवजी चाकाचे ॲलॉयच घासले गेले. मोबाइलच्या उजेडात वाकून पाहिले तेव्हा काळ्या रंगाखालून ॲल्युमिनियमची एक चकाकती रेघ अर्ध्या वितीएवढी दिसत होती. परिचितांनी काही म्हटले नाही, पण ते चाक मी स्वखर्चाने नीट करून दिले. एन लाइन ३९९५ मिलिमीटर लांब आणि १७७५ रुंद आहे. ३९ मिलिमीटरचा फरक वाचताना क्षुल्लक वाटतो, पण त्या तबकावर दोन्ही बाजूंना मिळून पावणेदोन बोटांची जादा जागा मिळते, आणि माझी पत्नी रात्री एकटी येऊन गाडी पहिल्याच प्रयत्नात लावते.

हेच गणित रस्त्यावरही लागू पडते. जुलैमधल्या घोडबंदर रोडवर पाण्याखाली खड्डा किती खोल आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. एन लाइनचे सस्पेन्शन साध्या आय-२० पेक्षा कडक असले आणि पाठीला ते कळत असले, तरी तिच्या सोळा इंची चाकांवरचे १९५/५५ टायर बराच मार खातात. आरएस चालवताना माझी नजर सतत रस्त्याच्या पृष्ठभागावर खिळलेली राहिली, आणि ज्या गाडीचा आनंद घ्यायचा तिच्या काळजीतच प्रवास संपला, याचे मला मनापासून वाईट वाटले.

रविवारची गोष्ट मात्र वेगळी. पहाटे साडेपाचला भिवंडी बायपासने निघून आमणे येथे समृद्धी महामार्गावर चढलो. आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाल्यापासून ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग ठाणे जिल्ह्यापर्यंत आला, आणि ठाणेकराच्या दृष्टीने वेगवान गाडी घेण्याचे ते पहिले खरे कारण ठरले, असे मी म्हणेन. सपाटीवर तिथे १२० ची मर्यादा आहे. त्या वेगाला आरएस इतकी निवांत असते की शेजारी बसलेल्या बाबांनी दोनदा विचारले, “अरे, आपण ऐंशीनेच चाललोय ना?” परतताना मी मुद्दाम जुन्या महामार्गाने कसारा घाटातून आलो. रेंगाळणाऱ्या ट्रकला मागे टाकायचे तर डावीकडून उजवीकडे येऊन वेग घ्यायला जो वेळ लागतो, तो आरएसमध्ये निम्म्यावर येतो, आणि मागून कोणी येत असता हा वाचलेला वेळ म्हणजे सुरक्षितता आहे. ओल्या वळणात आतले चाक घसरू लागले की इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्याला हलका ब्रेक लावते आणि जोर बाहेरच्या चाकाकडे जातो, त्यामुळे सगळी शक्ती पुढच्याच चाकांवर असूनही गाडी आपली रेषा सोडत नाही. इतकी विश्वासू गाडी मी याआधी चालवलेली नाही.

पुढच्या आठवड्यात त्याच वाटेने एन लाइन नेली. शंभरपर्यंत ती उत्साहाने जाते, सायलेन्सरचा आवाज भरीव आहे, स्टीअरिंग नेमके आहे आणि घाटातल्या वळणांत तिचे हलके अंग फार सुखद वाटते. शंभरच्या पुढे, चार माणसे आणि सामान असताना, तिला विचार करावा लागतो. ओव्हरटेक आधीच योजावा लागतो आणि स्टीअरिंगमागच्या पॅडलने दोन गिअर खाली घ्यावे लागतात. ही तिची खरी मर्यादा आहे आणि विकत घेणाऱ्याने ती स्वीकारूनच पैसे द्यावेत. डिकीही ३११ लिटरची आहे, आरएसची ५९०. आम्हा चौघांचे गावी जायचे सामान एन लाइनमध्ये बसले, पण आंब्यांची पेटी मांडीवर घ्यावी लागली.

खर्चाविषयी थोडक्यात. माझ्या हातात रोजच्या वाहतुकीत आरएसने लिटरला आठ किलोमीटर दिले, एन लाइनने साडेदहा. माझा रोजचा जाऊन-येऊन प्रवास पन्नास किलोमीटरचा आहे, म्हणजे महिन्याला अकराशे किलोमीटर धरले तर आरएसला साधारण तेहतीस लिटर जास्त पेट्रोल लागेल, आणि लिटरचा दर शंभराच्या पुढे असताना हा फरक महिना तीन हजारांच्या वर जातो. त्यात आता पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा प्रश्न आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे नळ्या-सील त्यासाठी तयार केलेले असतात. २०१८ ची गाडी त्या काळातल्या इंधनासाठी बनलेली आहे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्या छोट्या गाडीची किंमत खाली आली आहे, ही गोष्ट तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पडते.

मी एन लाइन नोंदवली. मन आरएसमध्ये अडकले होते हे मी घरात कोणापासून लपवले नाही, पण माझ्या आठवड्यातले सहा दिवस घोडबंदर रोड आणि त्या लोखंडी तबकावर जातात आणि एकच दिवस समृद्धीवर. हेच प्रमाण ज्याचे उलट असेल, म्हणजे जो नवी मुंबईत पाम बीच रोडलगत राहतो, ज्याच्या इमारतीत सपाट पार्किंग आहे आणि ज्याला दर आठवड्याला द्रुतगती मार्गाने पुण्याला जावे लागते, त्याने छोट्या गाडीकडे वळूही नये, आरएसच घ्यावी. घेताना डीएसजीचे तेल ६० हजार किलोमीटरला बदलल्याची नोंद सर्व्हिस पुस्तिकेत पाहावी, इंजिन थंड असताना कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी आणि पाण्याच्या पंपाभोवती गळतीचे डाग तपासावेत, कारण या इंजिनाचे ते माहितीतले दुखणे आहे, आणि सौदा पक्का करण्यापूर्वी गाडी एकदा स्वतःच्या पार्किंगमध्ये लावून बघावी. नेरूळच्या परिचितांची गाडी अजून विकली गेलेली नाही. मागचे उजवे चाक अगदी नव्यासारखे आहे.