मॅडम भारी, वेटिंग भयंकर. चार स्टार

मानसोपचाराच्या या क्लिनिकमध्ये अपॉइंटमेंट साडेपाचची आणि आत गेलो सव्वासातला, हे आधीच सांगते म्हणजे दादर स्टेशनवरून धावतपळत येणाऱ्यांनी काहीतरी खाऊन यावं. खुर्च्या कमी, एसी नावाला. आणि रिसेप्शनवर सगळ्यांसमोर मोठ्याने "पेशंटला काय होतं?" विचारतात, ते प्लीज बंद करा.

पण मॅडम खरंच भारी. माझ्या धाकट्या बहिणीला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे, म्हणजे कोणाचा रिप्लाय उशिरा आला तरी आता सगळं संपलं म्हणून रडारड आणि दोन तासांनी एकदम नॉर्मल, त्यामुळे घरात सगळे म्हणायचे नाटकं करते. मॅडमनी आईबाबांना समोर बसवून कागदावर मेंदूच काढला. आत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो, धोका वाटला की तो आधी पेटतो, आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स त्याला आवरतो. या आजारात बऱ्याच जणांचा अमिग्डाला जास्त पेटतो आणि आवरणारा भाग कमी पडतो असं स्कॅनच्या अभ्यासांत दिसलंय. समोरच्याचा साधा चेहरापण रागावलेला वाटतो म्हणे, आणि आमच्याकडे रोजची भांडणं नेमकी "तू माझ्याकडे असं का बघतोस" वरूनच!

बाबा लगेच म्हणाले मग एमआरआय काढू या. आधी एका ठिकाणी ब्रेन मॅपिंगचं पॅकेज गळ्यात मारत होते आम्हाला. मॅडम म्हणाल्या नको, खूप जणांची सरासरी काढली की फरक दिसतो, एकट्याच्या स्कॅनवरून निदान होत नाही, ते बोलूनच करायचं. बायपोलर का नाही तेपण सांगितलं, त्यात मूड दिवसच्या दिवस, आठवडेच्या आठवडे चढलेला नाहीतर पडलेला राहतो. हिच्यासाठी मुख्य उपचार थेरपी, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लाइनहॅन यांनी काढलेली डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, भावना आवरायला शिकवतात त्यात), गोळ्या जोडीला लागल्या तरच. झोप मोडली की अमिग्डाला अजून भडकतो म्हणून रात्री मोबाइल बंद. आणि फारच भडका उडाला तर थंडगार पाण्यात चेहरा धरायचा, त्याने हृदयाचे ठोके उतरतात. आम्ही हसलो होतो, पण चालतं हो! (हार्टचा त्रास असेल तर आधी विचारा.)

डीबीटीचा ग्रुप इंग्लिशमध्ये आहे, मराठीत काढा ना, बहिणीचं जमतं पण बाकीच्यांनी काय करायचं. फी पण जास्त वाटली. परवडत नसेल तर केईएम, सायन, नायरला सायकियाट्रीची ओपीडी आहे, आणि रात्री-अपरात्री टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फ्री आहे, मराठीत बोलता येतं.

शनिवारी मात्र जाऊ नका, मधल्या वारी गर्दी जरा कमी असते.